डेव्हऑप्स शिकताना टूल सर्वात शेवटी: दूध-नोंदीच्या छोट्या अ‍ॅपवर बारा आठवड्यांचा अभ्यास

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून दरवर्षी इंजिनिअरिंग, बीसीए, एमसीए झालेली मुलं-मुली पुण्याची नाहीतर बेंगळुरूची गाडी धरतात. त्यांना डेव्हऑप्सचं काम हवं असतं, म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणं आणि ते सर्व्हरवर चालू ठेवणं हे दोन्ही एकत्र सांभाळायची पद्धत. बायोडेटात टूलची डॉकर, कुबरनेटीस, जेन्किन्स, टेराफॉर्म, अ‍ॅन्सिबल अशी नावं ओळीने लिहिलेली असतात. मुलाखतीत समोरचा विचारतो, ‘‘साइट उघडत नाहीये, ब्राउझरमध्ये 502 दिसतंय. पहिलं काय बघाल?’’ आणि तिथेच घोडं अडतं. मुलं हुशार असतात, मेहनतही केलेली असते. शिकण्याचा क्रम तेवढा उलटा झालेला असतो. टूल म्हणजे कुणाच्या तरी अडचणीवर शोधलेलं उत्तर. ती अडचण स्वतः भोगली नसेल तर उत्तर पाठ होतं, कळत मात्र नाही. आणि चार वर्षांनी टूल बदललं की ते पाठांतरही वाया जातं.

म्हणून इथे क्रम असा ठेवला आहे: काम आधी हाताने करायचं, मग पायरी-पायरीने लिहून काढायचं, मग स्क्रिप्टच्या हवाली करायचं, आणि स्क्रिप्ट पुरेनाशी झाली की टूल घ्यायचं. रोज दीड-दोन तास दिले तर साधारण बारा आठवडे लागतात. सरावाला एकच अ‍ॅप शेवटपर्यंत धरायचं: गावच्या डेअरीतलं दूध संकलन. सभासद क्रमांक, तारीख, वेळ (सकाळ किंवा संध्याकाळ), लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅटखेरीजचे घन घटक), दर आणि रक्कम. एवढ्या आठ रकान्यांत शिकण्यासारखं भरपूर आहे.

(आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकायच्या.)

मुळात दुखणं काय होतं

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना रोज काहीतरी नवं बाहेर काढायचं असतं. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना चालू असलेलं बंद पडू द्यायचं नसतं. दोघांचे साहेब वेगळे, दोघांचं कौतुकही वेगळ्या गोष्टींसाठी. त्यामुळे तीन-तीन महिन्यांचं काम एकाच रात्री सर्व्हरवर टाकलं जायचं, आणि बिघडलं की एकमेकांकडे बोट. जून 2009 मध्ये फोटो ठेवण्याच्या फ्लिकर या साइटच्या जॉन ऑलस्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी एका परिषदेत दाखवलं, की दोन्ही बाजू एकत्र बसल्या तर दिवसाला दहाहून जास्त वेळा बदल बाहेर काढता येतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅट्रिक डिबॉय यांनी बेल्जियममधल्या गेंट शहरात ‘डेव्हऑप्सडेज’ भरवलं आणि हे नाव रूढ झालं. डॉकर आलं 2013 मध्ये, कुबरनेटीस 2014 मध्ये. म्हणजे ज्या दोन टूलना आज लोक डेव्हऑप्स समजतात, त्यांच्या कितीतरी आधीपासून हा विचार चालत आला आहे.

तो विचार समजायला पुस्तक उघडायची गरज नाही, बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत एखाद्या फाउंड्रीत कुणी ओळखीचं असेल तर त्याला विचारा. वाळूत ओलावा जास्त राहिला तर ओतलेल्या धातूत वायू अडकतो आणि आत ब्लोहोल राहतं. वरून कास्टिंग चांगलं दिसतं. ते साफ होतं, घासलं जातं, मशीन शॉपला जातं, आणि तिथे वरचा थर कापल्यावर भोक दिसतं. तोवर भट्टीची वीज, माणसांची पाळी, मशीनचा वेळ सगळं खर्ची पडलेलं असतं. तीच वाळू सकाळी तपासली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं. सॉफ्टवेअरमधली चाचणी लिहिणाऱ्याच्या हाताजवळ आणायची, ती एवढ्याचसाठी.

दुसरी गोष्ट साखर कारखान्याच्या यार्डात दिसते. हंगामात गाळपाची क्षमता ठरलेली असते. तोडणीच्या टोळ्या वाढवल्या म्हणून गाळप वाढत नाही. ट्रॉल्यांची रांग वाढते, ऊस उन्हात वाळतो, वजन आणि उतारा दोन्ही घटतात. कोडचंही तसंच. पाच जणांनी लिहिलेले वीस बदल तपासणाऱ्या एकाच माणसाकडे तुंबले, तर सहावा प्रोग्रामर आणून काही होत नाही. काम कुठे तुंबतंय ते आधी शोधायचं आणि एका वेळी आत सोडायचं काम कमी करायचं.

छोट्या हप्त्यात काम पुढे सरकवा, चूक लवकर कळेल अशी सोय करा, जे केलं ते दुसऱ्याला जसंच्या तसं करता येईल असं लिहून ठेवा. पुढे जे जे कराल ते या तीन गोष्टींशी ताडून बघत जा.

सामान

8 जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पुरतो. 40 जीबी जागा मोकळी करा. व्हर्च्युअलबॉक्स (लॅपटॉपच्या आत दुसरं, आभासी मशीन चालवणारा प्रोग्राम) टाका आणि त्यात उबुंटू सर्व्हर 24.04 एलटीएस: 2 जीबी रॅम, 2 सीपीयू, 20 जीबी डिस्क. डाउनलोड अडीच-तीन जीबीचा आहे, तेव्हा घरचं वायफाय नसेल तर कॉलेजमधून आणा. डेस्कटॉपवालं उबुंटू घेऊ नका. माऊस हाताशी असला की टर्मिनलची सवय लागत नाही.

इथे चार ठिकाणी हमखास अडतं. मशीन सुरूच होत नसेल तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असतं, ते चालू करा. डिस्क 20 जीबी दिली आणि आत 10 च दिसते, याचं कारण उबुंटूचा इन्स्टॉलर एलव्हीएम (डिस्कची जागा वाटण्याची पद्धत) वापरतो तेव्हा निम्मी जागा राखून ठेवतो. इन्स्टॉल करतानाच त्या पानावर आकार वाढवून घ्या. तिसरं, नेटवर्क. व्हर्च्युअलबॉक्स सुरुवातीला नॅट देतो, त्यातून मशीनला इंटरनेट मिळतं, पण तुमच्या लॅपटॉपवरून मशीनमध्ये थेट जाता येत नाही. म्हणून इन्स्टॉल करण्याआधीच दुसरं अडॅप्टर ‘होस्ट-ओन्ली’ जोडा. त्याचा पत्ता साधारण 192.168.56 ने सुरू होतो. चौथं, वीज. अभ्यासाच्या मध्येच लाईट गेली आणि बॅटरी जुनी असली तर डिस्कची फाइल खराब होऊ शकते. दर आठवड्याच्या सुरुवातीला स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची प्रत, घ्या.

क्लाउड (भाड्याने मिळणारे सर्व्हर) सध्या नको. कार्ड द्यावं लागतं, आणि मशीन बंद केलं तरी त्याच्या डिस्कचं भाडं चालूच राहतं हे पहिलं बिल आल्यावरच बहुतेकांना कळतं.

आठवडे 1 ते 3: विनंती कुठून कुठे जाते

एका कागदावर आडवी रेघ ओढा. डावीकडे ब्राउझर, मग नावाचा पत्ता काढणारं डीएनएस, मग सर्व्हरचं दार म्हणजे पोर्ट 443 किंवा 80, मग विनंती पुढे देणारा वेब सर्व्हर एनजिनएक्स, मग अ‍ॅप, मग पोर्ट 5432 वर पोस्टग्रेस हा डेटाबेस. हा कागद भिंतीवर चिकटवा. पुढचे बारा आठवडे जे काही बिघडेल ते या रेघेवरच्या कुठल्यातरी टप्प्यावर बिघडलेलं असेल.

या तीन आठवड्यांत लिनक्सच्या शंभर आज्ञा पाठ करायच्या नाहीत. प्रोसेस, फाइलची परवानगी, पोर्ट, लॉग आणि डिस्क एवढ्या पाच गोष्टी नीट कळल्या पाहिजेत. कुठल्या पोर्टवर कोण ऐकतंय हे ‘एसएस -टीएलएनपी’ सांगतं. त्यात 127.0.0.1 दिसलं तर ते अ‍ॅप फक्त त्याच मशीनच्या आतून येणाऱ्यांचं ऐकतं, 0.0.0.0 दिसलं तर बाहेरच्यांचंही. ‘माझ्याकडे चालतंय, मित्राच्या लॅपटॉपवरून उघडत नाही’ यातल्या निम्म्या तक्रारी या एका ओळीत सुटतात.

आता 502 कडे येऊ. एनजिनएक्समागे पायथनचं छोटं फ्लास्क अ‍ॅप गुनिकॉर्न या पायथनच्या सर्व्हरवर चालू करा आणि मुद्दाम बिघडवत जा. दर वेळी ब्राउझरमध्ये आणि लॉगमध्ये काय दिसलं ते वहीत लिहा.

एनजिनएक्स बंद करा: ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ येईल. म्हणजे मशीनपर्यंत पोचलात, पण त्या दारामागे कुणी नाही. एनजिनएक्स चालू ठेवून फायरवॉलमध्ये पोर्ट 80 अडवा: बराच वेळ गोल फिरत राहून ‘टाइम्ड आउट’. फायरवॉल निरोप परत देत नाही, नुसता गिळतो, म्हणून ही वाट बघणं. (फायरवॉल चालू करण्याआधी लॅपटॉपवरून आत यायच्या पोर्ट 22 ला परवानगी द्या, नाहीतर स्वतःच बाहेर अडकाल. आणि हे प्रयोग होस्ट-ओन्ली पत्त्यावरच करा. नॅटमधून हे फरक नीट दिसत नाहीत.) आता फायरवॉल उघडा आणि अ‍ॅप बंद करा: 502. एनजिनएक्स जिवंत आहे, मागचा माणूस उठून गेला आहे. अ‍ॅप चालू करून त्याचा पोर्ट बदला: पुन्हा 502. शेवटी अ‍ॅपमध्ये 90 सेकंद थांबण्याची ओळ घाला. एनजिनएक्स 60 सेकंद वाट बघतो, त्यामुळे 504 (मागून वेळेत उत्तर आलं नाही) यायला हवा. तरी बऱ्याच जणांना 502 च दिसतो आणि ते गोंधळतात. कारण गुनिकॉर्न स्वतः 30 सेकंदांनंतर अडकलेल्या कामगार-प्रोसेसला मारून टाकतो, मग एनजिनएक्सला अर्धवट तुटलेलं उत्तर मिळतं. गुनिकॉर्नची मर्यादा 120 करा, 504 दिसेल. हा एक प्रयोग नीट समजला तर वर लिहिलेल्या मुलाखतीच्या प्रश्नाला तुम्ही दहा मिनिटं बोलू शकाल.

डिस्कचा प्रयोगही सोडू नका. एक छोटा लूप लावा, जो एक फाइल उघडी ठेवून तिच्यात सारखा लिहीत राहील. फाइल बरीच वाढली की ‘आरएम’ने पुसा. ‘डीयू’ म्हणेल फाइल गेली. ‘डीएफ -एच’ म्हणेल जागा अजून भरलेलीच. लिहिणाऱ्या प्रोसेसने ती फाइल उघडी धरून ठेवली आहे तोवर लिनक्स जागा सोडत नाही. ‘एलसॉफ +एल1’ने ती प्रोसेस सापडते, ती बंद केली की जागा परत मिळते. लॉग हाताने पुसू नयेत, लॉगरोटेटवर सोपवावेत, असं का सांगतात ते इथे कळतं.

आठवडे 4 आणि 5: हाताने उभं करा, वहीत लिहा, पाडा

दूध-नोंदीचं अ‍ॅप दीडशे ओळींपलीकडे जाऊ देऊ नका. रक्कम दशांश प्रकारात ठेवा, फ्लोट या अंदाजे आकडे ठेवणाऱ्या प्रकारात नको; फ्लोटमध्ये पैशांचे बारीक हिशेब चुकतात आणि दहा दिवसांच्या बिलात ते उघडे पडतात. सभासदांची नावं चाचणीसाठी मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही घाला, कारण आपल्या भागातल्या डेअरीच्या वहीत दोन्ही असतात. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव डोळ्याला चार अक्षरांचं दिसतं, युनिकोडच्या हिशेबात ती 10 चिन्हं होतात आणि यूटीएफ-8 मध्ये 30 बाइट. नावाची लांबी तपासणारा कोड यापैकी काय मोजतो हे ठाऊक नसेल तर लांब नावं मधेच तुटतात.

आता नव्या मशीनवर हे सगळं हाताने उभं करा: पॅकेजेस, वेगळा यूजर, पोस्टग्रेसचा डेटाबेस, अ‍ॅप, सुरू-बंद सांभाळणारी सिस्टिमडीची सर्व्हिस, एनजिनएक्स. प्रत्येक आज्ञा वहीत. वही मराठीत लिहिली तरी चालेल, फक्त ‘मग थोडी सेटिंग बदलली’ असलं वाक्य नको. कुठली फाइल, कुठली ओळ, जुनं काय, नवं काय. झालं की मशीन पूर्ण पुसा आणि फक्त वही बघून परत उभं करा. पहिल्या वेळी वही पाच-सहा ठिकाणी अपुरी पडतेच. त्या जागा लाल पेनाने भरा. तिसऱ्यांदा उभं करताना वही शेजारच्या मैत्रिणीच्या हातात द्या आणि स्वतः गप्प बसा. तिला एकही प्रश्न न विचारता जमलं, तर वही पूर्ण झाली.

हे कंटाळवाणं आहे आणि इथेच बरेच जण सोडतात. सोडू नका. पुढे अ‍ॅन्सिबल या, लिहिल्याप्रमाणे सर्व्हर उभा करणाऱ्या टूलमध्ये जे लिहाल ते म्हणजे हीच वही.

आठवडा 6: गिट

वही आणि कोड दोन्ही गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणाऱ्या टूलमध्ये, टाका. एका कमिटमध्ये, म्हणजे एका नोंदीत, एकच बदल, आणि निरोपात ‘काय’ यापेक्षा ‘का’. ‘फिक्स’, ‘अपडेट’ असे निरोप तीन महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाहीत.

डेटाबेसचा पासवर्ड गिटमध्ये जाता कामा नये. तो वेगळ्या फाइलमध्ये, परवानगी 600, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी. चुकून गेला तर पुढच्या कमिटमध्ये पुसून उपयोग नाही, इतिहासात तो राहतोच. पासवर्ड बदलणं हाच उपाय. विंडोजवर स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. विंडोज ओळीच्या शेवटी दोन चिन्हं टाकतो, लिनक्स एकच ओळखतो, त्यामुळे डोळ्यांना अगदी बरोबर दिसणारी स्क्रिप्ट ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणत बंद पडते. एडिटरमध्ये ओळीचा शेवट ‘एलएफ’वर ठेवा.

आठवडा 7: वहीची स्क्रिप्ट

2012 च्या जुलैअखेरीस अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलालीच्या कंपनीने आठ सर्व्हरवर नवा कोड चढवला. प्रत्यक्षात तो सातवरच गेला. 1 ऑगस्टला आठव्यावर जुना, वर्षानुवर्षं न वापरलेला कोड जागा झाला आणि पाऊण तासात कंपनीचे 44 कोटी डॉलरहून जास्त बुडाले. हाताने केलेल्या कामात एक पायरी राहणं हा माणसाचा आळस नसतो. आठ वेळा तेच करताना एखादी राहणारच. म्हणून वहीतल्या पायऱ्या आता बॅश स्क्रिप्टमध्ये न्या.

स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘सेट -ईयूओ पाइपफेल’ लिहा. हे नसेल तर मधली आज्ञा फसली तरी स्क्रिप्ट पुढे धावत राहते आणि शेवटी ‘झालं’ असं छापते. यशस्वी आज्ञा 0 परत देते, फसलेली दुसरा कुठला तरी आकडा. सगळं ऑटोमेशन या एका आकड्यावर उभं आहे.

मग स्क्रिप्ट लागोपाठ दोनदा चालवा. दुसऱ्या वेळी ती अडली किंवा काहीतरी दुप्पट झालं तर ती अजून कच्ची आहे. फोल्डर बनवणारा ‘एमकेडीर’ दुसऱ्यांदा फसतो, ‘एमकेडीर -पी’ फसत नाही. कॉन्फिगच्या फाइलला शेवटी ओळ जोडत असाल तर दर वेळी एक ओळ वाढेल; त्याऐवजी पूर्ण फाइल नव्याने ठेवा. ‘हे कर’ असं सांगण्यापेक्षा ‘हे असं असायला हवं, नसेल तर कर’ असं सांगणारी स्क्रिप्ट कितीही वेळा चालवता येते. अ‍ॅन्सिबल आणि टेराफॉर्म याच विचारावर बांधले आहेत. इतकं कळल्यावर त्यांची भाषा शिकायला आठवडाभर पुरतो.

आठवडे 8 आणि 9: चाचणी, पाइपलाइन, आणि मागे फिरण्याची वाट

आधी पाच चाचण्या लिहा, पाइपलाइन (चाचणीपासून सर्व्हरपर्यंत आपोआप चालणारी साखळी) नंतर. फॅट-एसएनएफवरून दर बरोबर येतो का. शून्य लिटर नोंद अडवली जाते का. एकाच सभासदाची एकाच वेळची नोंद दोनदा झाली तर काय. कन्नड नाव जसंच्या तसं परत येतं का. दहा दिवसांची बेरीज जुळते का. मग ‘चाचणी करा, बांधा, पाठवा’ अशी एक स्क्रिप्ट स्वतःच्या लॅपटॉपवर चालवा. ती चालली की प्रत्येक बदलावर स्क्रिप्ट चालवून देणाऱ्या गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये तीच स्क्रिप्ट बोलवा. तर्क स्क्रिप्टमध्ये राहू द्या, पाइपलाइनच्या फाइलमध्ये कमीत कमी ओळी. उद्या त्याच कामासाठी जेन्किन्स वापरणाऱ्या कंपनीत गेलात तर थोड्याच ओळी बदलाव्या लागतील. पूर्ण फेरी दहा मिनिटांच्या आत संपली पाहिजे. त्याहून लांबली की लोक निकालाची वाट न बघता पुढचं काम सुरू करतात आणि चूक लवकर कळण्याचा फायदा जातो.

सर्व्हरवर प्रत्येक आवृत्ती तारखेच्या नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि ‘करंट’ नावाचा एक दुवा चालू आवृत्तीकडे वळवा. बिघडलं की दुवा मागच्या फोल्डरकडे वळवायचा आणि सर्व्हिस पुन्हा सुरू करायची. पाच-दहा सेकंदांचं काम. हे चालू स्थितीत दोनदा करून बघा, बिघडण्याची वाट बघू नका.

इथे एक खड्डा आहे आणि तो खोल आहे. कोड मागे नेता येतो, डेटाबेस जात नाही. समजा दूध गाईचं की म्हशीचं हे सांगणारा ‘प्रकार’ हा रकाना तुम्ही पुढे जोडला आहे आणि त्याचं नाव आता ‘जनावर’ करायचं आहे. सरळ नाव बदललंत आणि नवा कोड चढवलात. नव्या कोडमध्ये चूक निघाली. दुवा मागे वळवला, तर जुना कोड ‘प्रकार’ शोधतो, तो रकाना आता नाही, आणि दोन्ही आवृत्त्या बंद. म्हणून बदल तुकड्यांत करायचा. आधी ‘जनावर’ हा नवा रकाना फक्त जोडा. जुना कोड त्याच्याकडे बघतही नाही. मग दोन्ही रकान्यांत लिहिणारा कोड चढवा. जुन्या नोंदी नव्या रकान्यात उतरवा आणि मोजून जुळवा. मग नव्या रकान्यातून वाचणारा कोड. आठवडाभर सगळं ठीक चाललं की जुना रकाना काढा. पाच वेळा चढवावं लागलं खरं, पण पहिल्या चार टप्प्यांत कुठूनही एक पाऊल मागे येता येतं. छोट्या हप्त्याचं तत्त्व इथे जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठेच दिसत नाही.

आठवडा 10: बॅकअप आणि नजर

31 जानेवारी 2017 ला कोड ठेवण्याच्या गिटलॅब या सेवेच्या एका अभियंत्याने रात्री थकलेल्या अवस्थेत चुकीच्या सर्व्हरवरचं डेटाबेसचं फोल्डर पुसलं. बॅकअप शोधायला गेले तर आवृत्ती न जुळल्यामुळे तो कधीपासून होतच नव्हता, आणि तसं सांगणाऱ्या ईमेल वाटेतच नाकारल्या जात होत्या. सुमारे सहा तास आधी योगायोगाने घेतलेल्या एका स्नॅपशॉटवर ते वाचले. त्यांनी हे सगळं स्वतःहून जगासमोर मांडलं, त्यामुळे आपल्याला शिकता येतं.

डेअरीच्या नोंदी गेल्या तर शेतकऱ्याचे पैसे जातात. म्हणून सकाळचं आणि संध्याकाळचं संकलन संपल्यावर, 9 आणि 21 वाजता पोस्टग्रेसची प्रत काढणारा ‘पीजी_डम्प’ चालवा. तो फाइल लहान करणाऱ्या जीझिपला जोडत असाल तर डम्प फसला तरी जीझिप 0 परत देतो आणि रिकामी फाइल ‘यशस्वी’ ठरते. पाइपफेल इथे कामाला येतो. वेळ क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम चालवणारा प्रोग्राम) लिहिताना आधी ‘डेट’ चालवून बघा. सर्व्हर बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असतो, भारताची वेळ साडेपाच तास पुढे, म्हणजे तिथे 21 लिहिलंत तर बॅकअप पहाटे अडीचला होईल. फाइलच्या नावात तारखेसाठी टक्क्याचं चिन्ह वापरलंत तर क्रॉन त्याला नवी ओळ समजतो. त्या चिन्हाच्या आधी उलटी तिरकी रेघ लावावी लागते किंवा सगळं स्क्रिप्टमध्ये टाकावं लागतं. आणि दर रविवारी तो बॅकअप एका रिकाम्या डेटाबेसमध्ये परत चढवा, एकूण नोंदी आणि एकूण लिटर जुळवा. परत चढवून न बघितलेल्या बॅकअपवर विसंबू नका. एक प्रत दुसऱ्या मशीनवर.

नजर ठेवायला सुरुवातीला वीस ओळींची स्क्रिप्ट पुरते: दर पाच मिनिटांनी पान उघडतं का, किती वेळ लागला, चुकांचं प्रमाण किती, डिस्क 80 टक्क्यांवर गेली का. ज्यावर कुणीतरी उठून काहीतरी करायचं आहे तेवढ्याचाच इशारा पाठवा. रोज चाळीस निरोप यायला लागले की एक्केचाळिसावा खरा असला तरी कुणी बघत नाही.

‘किती वेळ चालू होतं’ हे मोजतानाही विचार करा. अ‍ॅप सकाळी सातला एक तास बंद पडलं. महिन्याचे 720 तास धरले तर 99.86 टक्के चालू, छानच वाटतं. पण डेअरीला अ‍ॅप लागतं सकाळचे दोन आणि संध्याकाळचे दोन तास, म्हणजे महिन्याला 120. त्या हिशेबाने 99.17 टक्के, आणि कॅन घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या लोकांना हाच आकडा खरा वाटेल. 99 टक्क्यांचं वचन दिलंत तर महिन्याला 72 मिनिटं हातात असतात. एका सकाळीच त्यातली 60 गेली. उरलेल्या महिन्यात जपून बदल चढवायचे, आणि तेही दुपारी.

आठवडे 11 आणि 12: आता टूल

अ‍ॅप लागणाऱ्या सगळ्या सामानासकट ‘कंटेनर’मध्ये बांधणारं डॉकर घ्या, कारण एव्हाना दुसऱ्या मशीनवर पायथनची आवृत्ती वेगळी निघून तुम्हाला त्रास झालेला असेल. कंटेनर म्हणजे छोटं व्हर्च्युअल मशीन नव्हे. कर्नल तोच असतो, प्रोसेसला फक्त नेमस्पेसने वेगळं दिसतं आणि सीग्रुपने मर्यादा पडते. कंटेनर 137 देऊन मेला तर 128 अधिक 9, म्हणजे त्याला बळाने मारलं, आणि बहुतेक वेळा कारण मेमरी संपणं हे असतं. पोस्टग्रेस कंटेनरमध्ये ठेवताना डेटा बाहेरच्या व्हॉल्यूमवर ठेवला नाही तर कंटेनर काढल्यावर नोंदीही जातील.

अ‍ॅन्सिबलमध्ये सातव्या आठवड्याची स्क्रिप्ट उतरवा. प्रोमिथियस (मोजमाप गोळा करणारं) आणि ग्राफाना (ते आलेखात दाखवणारं) दहाव्या आठवड्यातल्या नजर ठेवणाऱ्या स्क्रिप्टच्या जागी. क्लाउडवरची मशीन्स उभी करणारं टेराफॉर्म क्लाउडवर गेल्यावर. कंटेनर सांभाळणारं कुबरनेटीस बरीच मशीन्स आणि बरेच कंटेनर असताना लागतं. एका डेअरीच्या अ‍ॅपला त्याची गरज नाही, पण नोकरीसाठी ओळख हवी, तेव्हा त्याची हलकी आवृत्ती के-थ्री-एस लॅपटॉपवर टाकून दोन-चार दिवस द्या. प्रत्येक टूल घेताना वहीत एक ओळ लिहा: याच्या आधी मी हे कसं करत होतो आणि त्यात काय दुखत होतं. ती ओळ लिहिता आली नाही तर ते टूल तूर्त बाजूला ठेवा.

रविवारचा सराव

तीन-चार जणांचा गट करा. एकट्याने हे शिकता येतं, पण बिघाड शोधायला दुसऱ्याने केलेला बिघाड लागतो. बेळगावात टिळकवाडीत कुणाच्या घरी बसा नाहीतर कॉलेजच्या लॅबमध्ये. स्नॅपशॉट घ्या. एकाने खोलीबाहेर जायचं, दुसऱ्याने मशीन बिघडवायचं: सर्व्हिसच्या फाइलमधला यूजर बदला, डिस्क भरा, पासवर्डच्या फाइलची परवानगी काढा, डीएनएसचा पत्ता चुकवा, घड्याळ दोन दिवस मागे घ्या. बाहेरचा आत आला की त्याला फक्त एकच वाक्य सांगायचं: ‘‘डेअरीतून फोन आलाय, नोंद होत नाही.’’ त्याने प्रत्येक पाऊल मोठ्याने बोलत टाकायचं, आणि तिसऱ्याने वेळेसकट लिहून घ्यायचं.

शेवटी अर्धं पान लिहा: कधी कळलं, कुणाची अडचण झाली, काय केलं, हे होऊ कसं शकलं, आणि पुन्हा होऊ नये म्हणून कोण कधीपर्यंत काय करणार. ‘अमक्याने चूक केली’ हे वाक्य त्यात चालणार नाही. ते लिहिलं की पुढच्या वेळी चूक लपवली जाते. नोकरीला अर्ज कराल तेव्हा ही अर्धी पानं इंग्रजीत उतरवून गिटहबवर कोडशेजारी ठेवा. बिघाड शोधायला वेळ 40 मिनिटांची लावा. तेवढ्यात सापडलं नाही तर बिघडवणाऱ्याने एक खूण सांगायची, स्नॅपशॉट परत आणायचा, आणि पुढच्या जोडीला बसवायचं.